एचई-८०७ : एका लिबरेटरच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

प्लॅस्टिकच्या विमान-मॉडेलचा डबा शेवटी उघडला. चार वर्षं माळ्यावर होता. बी-२४ लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर, १:७२. एक शेपूट-पंख स्प्रूवरून (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) निसटून डब्यात खुळखुळत होता, पुढच्या काचेला बारीक चरा पडलाय, बाकी ठीक. मुख्य पंख जोडून धरले तर साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरतात. खऱ्याचे ११० फूट. घरात ठेवणार कुठे हा प्रश्न ही (सौ.) आत्ताच विचारून गेली. उत्तर दिलेलं नाही.

ठरवलेलं असं: कुठलंतरी लिबरेटर करायचं नाही, एकच नेमकं करायचं. केएन७५१, रॉयल एअर फोर्सचं ९९ स्क्वाड्रन, १९४५. हेच का, तर या विमानाचा जन्मापासून आजपर्यंतचा माग लागतो. मिशिगनमधल्या विलो रन कारखान्यात फोर्ड कंपनीने बांधलं, युद्धाच्या शेवटी ९९ कडे आलं, मग कानपूरच्या भंगारात, तिथून बंगळूर, तिथून आमचं पुण्याचं लोहगाव (तेव्हा नंबर एचई-८०७), आणि आता लंडनच्या हेंडन इथल्या संग्रहालयात. एवढं फिरलेलं विमान मॉडेलवाल्याला आणखी काय हवं?

रंग ९९ चाच. बॉम्बर आहे तर बॉम्बरसारखं दिसू दे.

११ जून

भाग साबणाच्या पाण्यात धुतले. वाळत घातले. पाऊस यंदा मेमध्येच येऊन बसलाय, त्यामुळे वाळत घातले म्हणजे पंख्याखाली ठेवले.

१५ जून

आज हाताने काम शून्य, वाचन भरपूर.

९९ स्क्वाड्रन पहिल्यांदा १९१७ मध्ये उभं राहिलं. बोधचिन्हावर उडी घेणारा प्यूमा आहे. मला वाटायचं शौर्य-बिर्य असेल. तसं काही नाही, त्यांच्या डीएच-९ विमानांच्या इंजिनाचं नाव प्यूमा होतं. इंजिन तसं कुरकुरंच होतं म्हणे, पण नाव चिन्हावर कायमचं बसलं.

१९३८ च्या ऑक्टोबरात वेलिंग्टन बॉम्बर सगळ्यांत आधी मिळालं ते यांना. युद्ध सुरू झाल्यावर मुक्काम न्यूमार्केटला, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. पोरं झोपायला प्रेक्षकांच्या स्टँडखाली. आपल्या रेसकोर्सवर बॉम्बर उतरताहेत आणि वैमानिक तिकीटघरात गाद्या टाकून झोपलेत, असं डोळ्यांपुढे आणून बघितलं.

मग १४ डिसेंबर १९३९. बारा वेलिंग्टन भरदिवसा जर्मनीच्या शिलिग बंदराकडे युद्धनौका शोधायला गेली. ढग इतके खाली की त्यांच्याखालून, समुद्राला घासत जावं लागलं, आणि एवढ्या कमी उंचीवरून बॉम्ब टाकताच येईनात. नौका दिसल्या, पण एकही बॉम्ब पडला नाही. खालून तोफा, वरून लढाऊ विमानं. पाच गेली. सहावं परत येऊन न्यूमार्केटजवळ कोसळलं. निम्मं स्क्वाड्रन एका दुपारीत.

तेव्हाचा सिद्धांत असा होता की बॉम्बर एकमेकांना चिकटून उडाले की त्यांच्या मशीनगनांच्या जाळ्यातून लढाऊ विमान आत शिरूच शकत नाही. १४ तारखेनंतरही वरिष्ठांना वाटत होतं की ही विमानं तोफांनी पाडली असावीत. चार दिवसांनी दुसऱ्या स्क्वाड्रन्सची बावीस वेलिंग्टन तशीच दिवसाढवळ्या त्याच भागात गेली आणि त्यातली बारा गेली. त्यानंतर ब्रिटिश बॉम्बर रात्री उडायला लागले. कागदावरचा सिद्धांत खरा धरायचा आणि परत न आलेली पोरं खोटी, असा हिशेब आपल्याकडच्या ऑफिसांतही बघितलाय. पण तिथे माणसं मरत नाहीत.

२२ जून

बॉम्ब-बे, म्हणजे पोटातली बॉम्ब टांगायची जागा. या विमानाची मला सगळ्यांत आवडणारी जागा.

बाकीच्या बॉम्बरांची पोटाची दारं कपाटासारखी खाली उघडतात. लिबरेटरची दुकानाच्या शटरसारखी आहेत. पन्हाळीदार पत्रा कडेने वर सरकत जातो, विमानाच्या अंगालगत. दोन फायदे. उघडल्यावर वारा अडत नाही, आणि मुळात या विमानाचं पोट जमिनीपासून इतकं खाली असतं की लोंबणारी दारं परवडलीच नसती. आत मधोमध पुढून मागे जायला एकच वाट, नऊ इंच रुंद. दोन्हीकडे बॉम्ब टांगलेले, खाली शटर. आणि ते शटर माणसाचं वजन पेलत नाही. पाय घसरला तर पत्र्यासकट खाली.

नऊ इंच भागिले ७२, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. किटमधली पट्टी पाच मिलिमीटर निघाली. कापून घासली. दोन तास गेले. हे नंतर कुणालाही दिसणार नाही.

२९ जून

९९ वाले १९४२ मध्ये हिंदुस्थानात आले ते वेलिंग्टन घेऊनच. लिबरेटर मिळाली १९४४ च्या सप्टेंबरात, बंगालमध्ये जेसोरला. मग तळ धुबुलिया, नदिया जिल्हा. युरोपातल्या बॉम्बरांचं दुखणं तोफांचं आणि लढाऊ विमानांचं. इकडचं दुखणं अंतराचं. बंगालहून बँकॉक म्हणजे एका बाजूने सोळाशे किलोमीटर, बहुतेक समुद्रावरून नाहीतर ब्रह्मदेशाच्या डोंगरांवरून, आणि मोसमी ढग असे की विमानाला पिळून काढतील. जाऊन-येऊन दहा-बारा तास. उतरायला मध्ये काही नाही.

म्हणून सगळा जीव इंधनाच्या हिशेबात. शेजारच्या १५९ स्क्वाड्रनचा जेम्स ब्लॅकबर्न यात अक्षरशः मास्तर होता. इंजिनाचे फेरे किती ठेवायचे, इंधन-हवेचं मिश्रण किती पातळ करायचं, कुठल्या उंचीवर किती वेग, हे तो प्रत्यक्ष उडून मोजत बसला. आधी लांब पल्ल्यावर ही विमानं तीन हजार पौंडांचे बॉम्ब नेत. त्याच्या पद्धतीने आठ हजार नेऊ लागली. विमान तेच, इंजिनं तीच, फक्त हिशेब दुसरा. २७ ऑक्टोबर १९४४ ला त्याच स्क्वाड्रनने पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकून दाखवले. जाऊन-येऊन जवळपास पाच हजार किलोमीटर.

मी आमच्या सोसायटीच्या जनरेटरच्या डिझेलचा हिशेब ठेवतो. या माणसाबद्दल मला फार आपलेपणा वाटला.

९९ चा त्या काळातला कमांडर लुशियन एर्कोलानी, इंग्लंडमधल्या एका फर्निचर कारखानदाराचा मुलगा. १९४१ मध्ये त्याचं वेलिंग्टन समुद्रात पडलं, तर सहकाऱ्यांसकट तीन दिवस रबरी होडीत वाहत वाहत आइल ऑफ वाइटला लागला. मग इकडे. युद्ध संपल्यावर पुन्हा लाकडात, खुर्च्या-टेबलं करायला.

त्यांची लक्ष्यं म्हणजे रेल्वेची यार्डं, कोठारं आणि पूल. त्यात बर्मा-सयाम रेल्वे, ४१५ किलोमीटर, जपान्यांनी युद्धकैदी आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतलेली. मजुरांत मलायातल्या मळ्यांवरचे तमिळ कितीतरी होते. पुलाशेजारीच कैद्यांच्या छावण्या. वरून बॉम्ब टाकणाऱ्याला ते माहीत असायचं. यावर मला काही लिहिता येत नाही.

आज काम: धडाचे दोन भाग चिकटवले. रबरबँड लावून ठेवलंय.

६ जुलै

रबरबँड काढला, तीन चाकं तात्पुरती लावली, टेबलावर ठेवलं आणि विमान शेपटीवर बसलं. अपेक्षितच होतं. नाकाखाली चाक असलेलं, शेपूट जड, पुढे नुसती काच. किटच्या कागदावर ‘वजन घाला’ एवढंच लिहिलंय. कुठे घालायचं ते तुमचं तुम्ही बघा.

बोहरी आळीतून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे गोळे आणले. नाकात जागा नाही. कॉकपिटच्या खाली आणि मागे जमेल तेवढे, आतल्या दोन इंजिनांच्या खोळीत पुढच्या बाजूला उरलेले. ऐंशी ग्रॅम झाल्यावर पठ्ठ्या तीन चाकांवर उभा राहिला. हातात घेतलं की आता खेळणं वाटत नाही.

१३ जुलै

आज खरं काम झालं, टेबलावर नाही, टिंगरेनगरला.

मित्राच्या ओळखीने एका काकांकडे गेलो. वय ८१. मूळ सातारकडचे. अठराव्या वर्षी हवाई दलात भरती, इंजिनाकडचे मेकॅनिक, आणि साठच्या दशकात लोहगावला सहा नंबर स्क्वाड्रनवर. लिबरेटरवर. मी विमानाचा अर्धवट सांगाडा पिशवीतून नेला होता. काकांनी चष्मा वर केला, विमान उलटं केलं आणि पहिलं पोट बघितलं.

“हे उघडं ठेवायचास,” म्हणाले, “थोडं तरी.”

का, तर टाक्या पाझरायच्या. पेट्रोलचा वास आत कोंडायचा. म्हणून उडतानासुद्धा शटर बोटभर उघडं. “विडी-काडीचं नाव काढायचं नाही त्याच्याजवळ. एकाने काढली होती, वॉरंट ऑफिसरने त्याला महिनाभर विमान पुसायला लावलं.”

आणि एक. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी पंख्याची पाती हाताने फिरवायची. इंजिन गोल, चौदा सिलिंडरचं, रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच बटण दाबलं तर तेल दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. म्हणून एका पात्याला तीन-तीन जण लागायचे, चार इंजिनांना, रोज. “पावसाळ्यात लोहगावचा वारा असा यायचा की पातं आपल्याला फिरवायचं,” म्हणून स्वतःच हसले. पुढच्या चाकाजवळ वीज करायला एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन होतं, ते सुरू व्हायचं नाही तेव्हा सगळ्यांची सकाळ वाया.

मी विचारलं, पोटाखाली काय होतं तुमच्याकडे?

“रडार. गोल डबा, वर-खाली व्हायचा. समुद्र बघायचं काम होतं रे आपलं. सकाळी गेलेलं संध्याकाळी यायचं. आम्ही दोऱ्या-बिऱ्या घेऊन डिस्पर्सलवर, विमानं उभी करायच्या जागेवर बसलेलो. येणार म्हणजे आधी आवाज यायचा, येरवड्याच्या बाजूने.”

मी म्हटलं, मी हे ९९ स्क्वाड्रनचं करतोय, इंग्रजांच्या काळातलं. काका काही बोलले नाहीत. विमान परत दिलं. काकू चहा घेऊन आल्या, मग पावसाचं बोलणं निघालं.

१४ जुलै

रंग बदलला. म्हणजे बेत बदलला. एचई-८०७ करणार, लोहगाव, साठचं दशक.

कारण सांगायचं तर हिशेबाचं आहे. ९९ कडे हे विमान महिने मोजावेत इतकंच होतं. स्क्वाड्रन १९४५ च्या उन्हाळ्यात हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेलं, नारळाची झाडं तोडून लोखंडी जाळीची धावपट्टी केली होती तिथे. ऑगस्टमध्ये युद्धच संपलं. मग उरलेलं काम कैद्यांच्या छावण्यांवर अन्न आणि औषधं टाकण्याचं. नोव्हेंबरात स्क्वाड्रन बरखास्त. आपल्याकडे मात्र या विमानाने जवळपास दोन दशकं काढली. हेंडनला ते पुन्हा केएन७५१ करून ठेवलंय, दोन निळ्या रंगांच्या वर्तुळासकट. (जपान्यांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून पूर्वेकडच्या ब्रिटिश विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकला होता.) त्यांच्या घरी त्यांचा फोटो लागणार, त्यात चूक काही नाही. माझ्या घरी मी माझा लावीन.

२० जुलै

कानपूरचा भाग. हा लिहायला मला सगळ्यांत मजा येते, म्हणून मुद्दाम रविवारसाठी राखून ठेवला होता.

ही विमानं ब्रिटिशांना अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर मिळालेली. युद्ध संपलं की परत करा, विकत घ्या, नाहीतर मोडून टाका. परत न्यायला कुणाला हवी होती? तासाला एक लिबरेटर बाहेर पडेल इतका विलो रनचा वेग झालेला, अमेरिकेतच डोंगर साचले होते. मग हिंदुस्थानातली सगळी कानपूरला चकेरीत आणली आणि मोडली. मोडली म्हणजे तोडली नाहीत, निकामी केली. इंजिनात वाळू, घड्याळांवर कुदळी, पत्र्यावर ट्रक. उभ्या-आडव्या ओळींत ती ऊन-पाऊस खात पडली.

१९४८. काश्मीरात लढाई चालू, नव्या देशाकडे जड बॉम्बर एकही नाही, विकत घ्यायला पैसा नाही. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसं कानपूरला गेली आणि भंगारात हिंडायला लागली. याचं चाक चांगलं, त्याचं इंजिन, तिसऱ्याचा सुकाणू. लग्नाच्या वऱ्हाडात जशी एकाची शेरवानी, दुसऱ्याचे बूट घालून नवरदेव उभा करतात, तसं एकेक विमान उभं केलं. डागडुजी कानपूरला फक्त एका उड्डाणापुरती. खरी दुरुस्ती बंगळूरला, म्हणजे दीड हजार किलोमीटर उडत जायचं.

नेणार कोण? जमशेद कैकोबाद मुन्शी, कंपनीचे चाचणी वैमानिक. लिबरेटर त्यांनी त्याआधी कधीच उडवलं नव्हतं. पुस्तिका वाचली, कॉकपिटमध्ये बसून हात फिरवून घेतला आणि उडवलं. मग पुन्हा कानपूर, पुन्हा पुढचं. अशी चाळीसच्या आसपास. वाळू घातलेल्या इंजिनांचं विमान घेऊन माणूस चाळीस वेळा बंगळूरला जातो आणि प्रत्येक वेळी पोचतो. आपल्याकडे याच्यावर एक साधी रस्त्याची पाटी नाही.

२ नोव्हेंबर १९४८ ला पाचवं स्क्वाड्रन याच विमानांवर कानपूरलाच उभं राहिलं. जानेवारी १९५१ मध्ये सहावं, पुण्यात. हे सहावं मुळात १९४२ चं, मेहेरसिंगांनी उभं केलेलं, ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेनमधून शत्रूच्या ठाण्यांचे फोटो काढणारं. फाळणीत स्क्वाड्रन आपल्या हातून गेलं, पुण्यात पुन्हा उभं राहिलं. पाचव्याला १९५७ मध्ये कॅनबेरा जेट मिळाली. सहाव्याने मात्र लिबरेटर १९६८ संपेपर्यंत उडवली. तोवर जगात बाकी कुठल्याही सैन्याकडे ती उरली नव्हती.

२७ जुलै

रडायची वेळ. चंदेरी रंगाखाली काळा चकचकीत थर द्यावा लागतो, तो दिला. हवा अशी दमट की तासाभरात सगळ्या पंखावर दुधासारखी साय आली. लॅकर पावसात मारू नये हे मला माहीत आहे. दुसऱ्याला शंभरदा सांगितलंय.

पंख पुसून, घासून पुन्हा पहिल्यापासून. कपाटात साठचा बल्ब लावून आता आत वाळवतोय. त्या कपाटात हिच्या पैठण्या होत्या. होत्या.

९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. बहीण येऊन गेली, तिच्या मुलाने एक पंखा (प्रॉप) मोडला. दुसरा आहे डब्यात.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा. किटमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश खुणा आहेत, आपल्या नाहीत. तिरंगी वर्तुळ (बाहेर हिरवा, मध्ये पांढरा, आत केशरी) आणि आकडे डेकलच्या कागदावर छापून आणले. ज्याने छापले त्याने वर वॉर्निश मारलेलं नव्हतं. पहिलं वर्तुळ पाण्यात सोडलं आणि केशरी रंग हिरव्यात उतरला. उरलेल्या कागदावर वॉर्निशचे तीन हात मारून दोन दिवस ठेवलं, मग जमलं. छपाईत पांढरा रंग येतच नाही, तो आधी विमानावर रंगवून घ्यावा लागतो आणि त्यावर वर्तुळ नेमकं बसवावं लागतं. उजव्या पंखावर अर्धा मिलिमीटर चुकलंय. राहू दे.

१५ ऑगस्ट

इंजिनं, चाकं, अँटेना. शटर बोटभर उघडं ठेवलं. बोटभर भागिले ७२ म्हणजे जवळपास केसभर, पण ठेवलं.

निवृत्त झाल्यावर ही सगळी कुठे गेली याचा आज मागोवा घेतला. एक कॅनडात ओटावाला, एक ॲरिझोनात टूसॉनला, एक फ्लोरिडात, एक इंग्लंडमार्गे अमेरिकेत जाऊन कितीतरी वर्षं उडत राहिलं, एक दिल्लीत पालमला. एचई-८०७ ला १९७४ मध्ये उडवतच इंग्लंडला नेलं. आज जगात जेवढी धड लिबरेटर उरलीत, त्यातली निम्म्याच्या आसपास आपल्याकडून गेलेली आहेत. म्हणजे अठरा हजारांवर बांधली, आणि वाचली त्यातली निम्मी कानपूरच्या भंगारातली.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर. टेबल मखरासाठी हवं, अशी नोटीस मिळालीय. विमान पूर्ण. काचेचा चरा पॉलिशने निम्मा गेला.

दुपारी बुटाच्या खोक्यात कापूस घालून टिंगरेनगरला नेलं. काकांनी या वेळी हातात घेतलं नाही. टीपॉयवर ठेवायला लावलं, खुर्ची पुढे ओढली, वाकून शेपटीवरचा आकडा वाचला. एकदा उजवीकडून, मग उठून डावीकडून. काकूंना हाक मारली. काकू म्हणाल्या, “हेच का ते वासाचं विमान?”

मग काका म्हणाले, “टेकू कुठाय?”

मला कळेना. म्हणाले, जमिनीवर उभं असताना मागे दोघं चढले तर शेपटीवर बसतं हे. नाक वर. एकदा अधिकारी बघायला यायच्या दिवशी बसलं होतं. म्हणून शेपटीखाली टेकू लावल्याशिवाय आम्ही कुणाला मागे चढू देत नसू.

मी सांगितलं, आत ऐंशी ग्रॅम शिसं आहे, नाही बसणार.

“ते तुला माहीत. बघणाऱ्याला काय?”

काकूंनी देवघरातून उदबत्ती आणून दिली. तिची काडी शेपटीखाली मापून कापली, पंचवीस मिलिमीटर भरली. उद्या तिला लाल-पांढरे पट्टे मारायचेत. पट्टे होते का, हे विचारायचं राहिलं. संध्याकाळी फोन करतो.